दुसऱ्या कडव्यातला टक्

गाणं तसं साधं. दोन कडवी, एक धृपद,
पायरीखाली ठेवलेली किल्ली
आणि कधी परतणार ते न सांगता गेलेलं कुणीतरी.
एकोणीसशे चौसष्टचा जानेवारी, तांपेरे,
बंद पडलेल्या सूतगिरणीचा तिसरा मजला,
भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकून केलेला स्टुडिओ.
बाहेर उणे सत्तावीस.
आत साइमी केत्तुनेन, पातळ ब्लाउजमध्ये,
कारण कोटाचं अस्तर माइकला ऐकू जातं.

तळघरात बॉयलरपाशी माझे वडील, ताउनो.
फावडं, कोळसा, कानामागे अर्धी सिगारेट.
वर काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं,
निदान आम्हाला तसंच सांगितलं गेलं.

दुसऱ्या कडव्यात, किल्ली या शब्दानंतर,
साइमी श्वास घेते
आणि नेमका तेव्हाच भिंतीतला वाफेचा पाइप वाजतो.
टक्.
टेप संपत आली होती. नवीन आणायला पैसे नव्हते.
राहू दे, निर्माता म्हणाला, कुणाच्या लक्षात येणारे?

सगळ्यांच्या लक्षात आलं.

ताल्लिनमध्ये कुणी ते समुद्रापलीकडच्या रेडिओवरून
चोरून उतरवून घेतलं, शब्द अर्धे चुकले,
किल्लीची होडी झाली,
टक् मात्र जिथल्या तिथे, ड्रमच्या कडेवर काडी.
ओसाकाच्या कुसाका फुमिए यांनी म्हणे
लाकडाचे चार ठोकळे नाकारले, पाचवा घेतला.
रोसारिओत नुसती टाच.
मनिलातल्या हॉटेलच्या बँडने रिकाम्या बाटलीवर चमचा मारला
आणि तिथून गाणं लिफ्टमध्ये शिरलं,
दंतवैद्यांकडे जाऊन बसलं,
धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत गेलं,
तिथे टक् म्हणजे डाग निघाला.

एका प्राध्यापकाने त्यावर अकरा पानं लिहिली.
दारावरची थाप, म्हणाला, जी ऐकून कुणी उठत नाही.
मी वडिलांना वाचून दाखवलं.
वाफ होती ती, ते म्हणाले,
पाणी साचलं की पाइप ठोकतो.
मग बराच वेळ गप्प. मग,
अकरा पानं?

पैसे जातात कवीच्या विधवेला, संगीतकाराच्या पुतण्याला,
दरवर्षी, थोडे थोडे, अजून.
आम्हाला फुटकी कवडी नाही,
आणि मागणार कुठल्या तोंडाने,
अर्जात व्यवसाय काय लिहायचा?

मागच्या वर्षी आणखी एक आलं.
एकोणीस वर्षांचा पोरगा, सगळं खोलीत बसून एकटा करतो.
मूळ टेप त्याने धुऊन स्वच्छ केली:
खरखर काढली, साइमीचा श्वास काढला,
टक् काढला.
मी ट्राममध्ये ऐकलं.
अंधारात जिना उतरताना
एक पायरी कमी निघावी तसा पोटात गोळा आला.
आणि किल्ली तर
पायरीखालीच होती.

पण मला सांगायचं होतं ते वडिलांच्या अंत्यविधीचं.
चर्चमधल्या ऑर्गनवाल्याने तेच गाणं घेतलं, फार संथ,
त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.
दुसरं कडवं आलं, ती जागा आली, आणि रिकामी.
मी मान खाली घातली.
शेजारी आईने हात उचलला
आणि बाकाच्या लाकडावर अंगठी मारली.
टक्.
एक कणभर उशीर नाही.

नंतर कॉफीच्या टेबलाशी, कपाकडे बघत, म्हणाली,
त्या रात्री दुप्पट कोळसा घातला होता त्याने.
वर ती पोरगी कुडकुडत होती ना.
आपल्या घरी मेल्याने कधी
एक फावडं जास्त टाकलं नाही.

मग तिने साखर मागितली.
ती साखर घेत नाही.